ओ.पी.डी.च्या कोपऱ्यातलं माप

“हे माप तुम्ही स्वतः घेतलंत?” लवादांनी विचारलं.

“हो साहेब.”

“पायाच्या चरात उतरून?”

“हो साहेब.”

दोन्ही उत्तरं खोटी होती. ती देताना माझा आवाज जराही कापला नाही, हे मला आजही आठवतं. नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या एका विश्रामगृहाच्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा माणसं बसलो होतो. एका बाजूला आमचं खातं, म्हणजे सरकार. दुसऱ्या बाजूला ठेकेदार काशिनाथ मिस्त्री आणि त्यांचा तरुण वकील. मध्ये लवाद. सरकार आणि ठेकेदार यांचं भांडण कोर्टात न नेता ज्या त्रयस्थ माणसासमोर चालवतात, त्याला लवाद म्हणतात. आमचे लवाद एक निवृत्त चीफ इंजिनिअर होते. बोलणं कमी आणि ऐकणं जास्त, असा माणूस.

मी तेव्हा सरकारी बांधकामावर ओव्हरसिअर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कळवणच्या अलीकडे एका गावी वीस खाटांचा दवाखाना बांधायचा होता. साइट माझ्याकडे होती आणि काम काशिनाथ मिस्त्रींना मिळालं होतं.

मिस्त्री मूळचे दिंडोरीकडचे. बौद्ध वस्तीतले. लहानपणी त्यांनी दुसऱ्यांच्या बांधकामावर दगड वाहिले, मग ते गवंडी झाले, मग मुकादम आणि पन्नाशीला आल्यावर सरकारी यादीतले ठेकेदार. त्यांच्या वस्तीतला पहिला नोंदणीकृत ठेकेदार. तरी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत आणि त्यांनाही तेच आवडायचं. “ठेकेदार म्हटलं की लोक खिशाकडं बघतात,” ते म्हणत. “मिस्त्री म्हटलं की हाताकडं बघतात.”

त्या हॉलमध्ये त्यांच्यावर आरोप होता की त्यांनी दवाखान्याचा पाया काळ्या मातीवरच ठेवला. आमच्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर भिंत उभी केली की ती तडकते. म्हणून करारातच लिहिलेलं असतं की मुरूम लागेपर्यंत खणायचं. मुरूम म्हणजे मातीच्या खालचा, पहार मारली की ठणकणारा घट्ट थर. दवाखान्याच्या जागेवर तो साधारण पाच फुटांवर होता.

पावसाळा झाला आणि ओ.पी.डी.च्या कोपऱ्यात भिंतीला तिरकी भेग गेली. बोट जाईल एवढी. त्याच सुमाराला तिथून दहा पावलांवर पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला, तर पाच फुटांवर काळी मातीच निघाली. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या साहेबांनी, मेजरमेंट बुक मागवलं. आम्ही त्याला एम.बी. म्हणतो. झालेल्या प्रत्येक कामाचं माप त्यात ओव्हरसिअरच्या हातचं असतं आणि खाली ठेकेदाराची ‘मान्य’ म्हणून सही असते. एकदा काम जमिनीखाली गाडलं गेलं की एम.बी. हाच त्याचा पुरावा. एम.बी.त त्या कोपऱ्याची खोली लिहिलेली होती पाच फूट. अक्षर माझं, सही मिस्त्रींची.

पाच फुटांवर काळी माती आणि पायाही पाचच फूट. साहेबांनी जो अर्थ काढला तो कोणीही काढला असता. करार रद्द झाला, काम थांबलं आणि मिस्त्रींना काळ्या यादीत टाकण्याचा प्रस्ताव वर गेला. काळ्या यादीत गेलेल्या माणसाला पुढे कुठलंच सरकारी काम मिळत नाही. मिस्त्रींनी लवाद मागितला. “काम गेलं तर दुसरं बघू,” ते वकिलाला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. “पण दवाखान्याच्या पायात चोरी केली, हे माझ्या नावावर राहिलं तर मी मेल्यावरबी लोक म्हणतील.”

आता खरं काय घडलं होतं ते सांगतो.

पायाची खोदाई चालू होती तेव्हा मी तीन दिवस साइटवर नव्हतो. सप्तशृंगी गडावर माझ्या धाकट्या मुलाचं जावळ होतं. रजेचा अर्ज दिला असता तर मिळाली असती. पण साहेबांना विचारायचा कंटाळा आणि ‘तीन दिवसांत काय होतंय’ असा विचार. जाताना मिस्त्रींना म्हणालो, “मुरूम लागला की भरून घ्या. माझ्यासाठी थांबू नका.” पाया भरण्याआधी चरात उतरून मुरूम बघणं आणि साइटच्या वहीत तसं लिहून देणं हे माझं काम होतं. मी तोंडी परवानगी देऊन वणीची एस.टी. पकडली.

परत आलो तेव्हा पाया भरून झाला होता. मिस्त्री सामोरे आले.

“रावसाहेब, ओ.पी.डी.च्या कोपऱ्यात मुरूम लवकर लागंना. आठ फुटाला लागला. कडा ढासळाय लागल्या होत्या, म्हणून थांबलो नाय. आठ फुटापासून भरत आणलंय.”

“बरं केलंत,” मी म्हणालो.

खरं तर हे ऐकताच मी वर कळवायला हवं होतं. पाया पाच फुटांवरून एकदम आठ फुटांवर नेत नाहीत. मधे पायऱ्या देतात, नाहीतर त्या सांध्यावर भिंत चिरते. त्या पायऱ्या कशा द्यायच्या हे डिझाइनवाल्यांनी ठरवायचं असतं. भिंती चढण्याआधी कळवलं असतं तर त्यांनी तो सांधा सुधारायला तरी सांगितलं असतं. पण आठ फूट लिहिलं असतं तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला असता, ‘भरण्याआधी तुम्ही पाहिलंत का?’ आणि मी गडावर होतो. म्हणून मी एम.बी.त सगळीकडे सरसकट पाच फूट लिहिलं. मिस्त्रींना वाढीव खोदाईचं काहीच मिळणार नव्हतं. मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “जाऊ द्या. दवाखाना हाय, देवळासारखाच.”

आणि त्यांची सही? ती आधीच होती. बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे तेव्हा रीतच होती. साइट एकीकडे, ऑफिस दुसरीकडे, एम.बी. एस.टी.ने जायची. सही राहिली तर वही परत यायची आणि महिना जायचा. म्हणून विश्वासातला ठेकेदार पुढच्या चार-पाच कोऱ्या पानांवर आधीच सही करून ठेवायचा. सही आधी, माप नंतर. मी मागितली आणि मिस्त्रींनी करून दिली.

लवादांसमोर सरकारी वकिलांनी नेमकं तेच पान त्यांच्यापुढे धरलं.

“ही सही तुमची?”

“माझीच.”

“पाच फूट माप मान्य म्हणून केलीत?”

“सही केली तवा पानावर माप नव्हतंच, साहेब.”

हॉलमध्ये हसू पसरलं. आमचे साहेबही हसले. लवाद हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

“ओव्हरसिअर, तुम्ही कोऱ्या पानावर सह्या घेता?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. त्याच्या पाठोपाठच ते दोन प्रश्न आले, ज्यांनी मी ही हकीकत सुरू केली.

मिस्त्रींचा वकील ताडकन उठायला लागला. मिस्त्रींनी त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. आम्ही पंचवटीत भाड्याने राहत होतो. ते ओट्यावरच बसले. ‘आत या’ म्हणायला मला सुचलं नाही; ते का सुचलं नाही याचा विचार मी पुष्कळ वर्षांनी केला. चहा मात्र बायकोने स्वतः बाहेर आणून दिला आणि ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

“रावसाहेब, माझा वकील अर्ज देणार हाय,” मिस्त्री म्हणाले. “कोपऱ्यात पायाला लागून खड्डा घ्या म्हणून. पाया किती खाली गेलाय ते उघडंच पडंल.”

“द्या की. तुमचा हक्क आहे.”

“हक्क हाय. पण खड्डा झाला की तुमचं काय?”

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला.

“तुम्ही त्या दिवशी ‘हो’ म्हणाला. वकील उठत होता, मी बसवला. तो म्हणतो, खोट्या साक्षीत अडकवतो त्याला. मी म्हटलं, दम धर. आपणहून सांगितली तर ती चूक असती, रावसाहेब. दुसऱ्यानं उकरली की लबाडी होती. पुढची तारीख पंधरा दिवसांनी हाय. तवर मी अर्ज देत नाय. तुम्ही सांगा आधी.”

“विचार करतो,” मी म्हणालो.

“करा. पण मापात विचार कसला करायचा असतो?” ते उठले, बायकोला म्हणाले, “चहा लय भारी झाला वहिनी,” आणि गेले.

बायकोने कप उचलला. “काय आहे ते सांगून टाका ना,” ती म्हणाली. “नोकरी गेली तर मी शिकवण्या वाढवीन.”

अशी माणसं आजूबाजूला असताना मी काय केलं? दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“साहेब, त्या कोपऱ्याच्या मापाबद्दल जरा...”

“एम.बी.त काय आहे?” त्यांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

“पाच फूट.”

“मग पाच फूट. आणखी काही?”

“नाही साहेब.”

साहेबांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला होता, मिस्त्रींसारखाच. मी बाहेर आलो आणि स्वतःला सांगितलं की मी प्रयत्न केला. पंधरा दिवस मी एवढाच प्रयत्न केला. पुढच्या तारखेला मी खुर्चीत बसून राहिलो. मिस्त्रींनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी वकिलाला मान हलवून खूण केली आणि अर्ज गेला. आमच्या बाजूने हरकत घेतली गेली: एम.बी. असताना खड्ड्याची गरज नाही, तडकलेल्या भिंतीला धोका होईल. लवादांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “मी स्वतः येतो. पुढच्या बुधवारी. मजूर तयार ठेवा.”

त्या बुधवारी आम्ही सगळे साइटवर होतो. काम बंद पडून वर्ष होत आलं होतं. अर्ध्या इमारतीवर स्लॅब, अर्धी उघडी. शेजारच्या शाळेच्या एका खोलीत सरकारी डॉक्टर पेशंट तपासत होते आणि बाहेर आभोण्या-सुरगाण्याकडून आलेल्या बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. त्या रांगेकडे बघणं मी वर्षभर टाळत होतो. त्या दिवशी टाळता आलं नाही, कारण खड्डा बघायला त्यातल्याच बऱ्याच जणी उठून आल्या.

दोन मजूर खणायला उतरले. चार फूट. पाच फूट. पायाचा दगड खाली जातच राहिला. साहेब एक पाऊल पुढे आले. सहा फूट. सरकारी वकील आमच्या मागे जाऊन उभे राहिले. सात फूट. मग खालच्या मजुराची पहार ठणकली.

“मुरूम!” तो ओरडला.

लवादांनी पँट दुमडली, शिडी मागितली आणि सत्तरीतला तो माणूस खड्ड्यात उतरला. टेप त्यांनी स्वतः लावली. वर आल्यावर एम.बी. मागितली आणि पान उघडलं.

“आठ फूट एक इंच,” ते म्हणाले. “इथे पाच लिहिलंय. हे अक्षर तुमचं?”

“हो साहेब.”

“चरात उतरून माप घेतलंत, असं तुम्ही मला सांगितलं होतं.”

 नोकरी, बायको, मुलं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि त्यातही मनात विचार आला तो असा: एवढ्या बायांसमोर.

तेवढ्यात मिस्त्री पुढे आले.

“साहेब, एक सांगू का? रावसाहेबांनी मला मागंच सांगितलंय. माप त्यांनी घेतलेलं नाय, ते गडावर गेले होते. त्या दिवशी घाबरून ‘हो’ म्हणाले. ते लिहून द्यायलाच निघाले होते, मीच थांबवलं. म्हटलं, आधी खड्डा होऊ द्या. नायतर लोक म्हणतील, ठेकेदारानं ओव्हरसिअर फोडला.”

इतकं चपखल खोटं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. मी गडावर गेलो होतो, माप घेतलं नव्हतं आणि घाबरून ‘हो’ म्हणालो, एवढंच त्यात खरं होतं.

लवादांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

“हो साहेब,” मी म्हणालो. ते माझं लवादांसमोरचं चौथं खोटं उत्तर.

 लवादांना कळलं होतं, अशी माझी खात्री आहे. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “तर मग लिहून द्या. आत्ता. इथेच.”

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं. रजेशिवाय गैरहजर होतो. तोंडी परवानगी दिली. कोऱ्या पानावर सही घेतली. आठ फुटांची माहिती असून पाच लिहिलं. हजर नसल्यामुळे पायऱ्या देता आल्या नाहीत आणि वर न कळवल्यामुळे नंतर दुरुस्तीही झाली नाही. भेग त्यामुळे पडली, दोष ठेकेदाराचा नाही. हे सगळं खरं होतं आणि लिहिताना हात हलका होत गेला. फक्त वरच्या ओळीत ‘स्वेच्छेने निवेदन करतो की’ असं लिहिलं होतं. ते शब्द मला मिस्त्रींनी दिले होते.

निकाल दोन महिन्यांत आला. करार रद्द करणं चुकीचं ठरलं, काळ्या यादीचा प्रस्ताव मागे घेतला गेला आणि काम पुन्हा मिस्त्रींकडे आलं. डिझाइनवाल्यांनी कोपऱ्यासाठी दुरुस्ती दिली, ती मिस्त्रींनी इतक्या निगुतीने केली की आज भेग कुठे होती ते मलाही दाखवता येणार नाही. दवाखाना सुरू झाला. माझी खात्याअंतर्गत चौकशी झाली. नोकरी जाऊ शकली असती. पण साहेबांनी शेरा मारला, ‘कर्मचाऱ्याने स्वतःहून सत्य निवेदन केले आहे, ही बाब विचारात घ्यावी.’ कडक ताकीद आणि सुरगाण्याला बदली, एवढ्यावर भागलं.

शिक्षा अशी झाली नाहीच. उलट त्या शेऱ्यातलं ‘स्वतःहून’ माझ्यामागे फिरत राहिलं. नवीन ओव्हरसिअर आला की वरिष्ठ त्याला माझं उदाहरण देत. “चूक झाली तर यांच्यासारखं सांगून मोकळं व्हायचं.” माझ्या निरोप समारंभातही कोणीतरी ती गोष्ट सांगितली. मिस्त्री दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. “मिस्त्री, त्या दिवशी का केलंत तसं? मी तर पंधरा दिवस तोंड उघडलं नव्हतं.”

“दोन कारणं,” ते म्हणाले. “एक, तुम्हाला खोटं पाडलं असतं तर जिल्ह्यातला एकेक ओव्हरसिअर माझ्या साइटवर रोज टेप घिऊन उभा राहिला असता. धंदा कसा करायचा?”

“आणि दुसरं?”

“माझं नाव वाचत होतं, रावसाहेब. त्यासाठी तुमचं बुडवायची गरज नव्हती. जिथं गरज नाय तिथं खणू नये.”

मी पेन्शन घेतो. माझी मुलं शिकली. बायको शेवटपर्यंत सरकारी इस्पितळात नीट उपचार घेऊ शकली. हे सगळं त्या माणसाने उच्चारलेल्या चार वाक्यांवर उभं आहे. त्यांचे आभार मी कधी नीट मानले नाहीत, कारण मानायचे म्हणजे आधी खरं सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या विहारात गर्दी होती. एका वक्त्याने दवाखान्याची गोष्ट सांगितली. “रावसाहेबांसारखा प्रामाणिक अधिकारी भेटला,” तो म्हणाला, “म्हणून आपले मिस्त्री वाचले.” लोक वळून माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. मला तिथे बसवेना.

कार्यक्रमानंतर मी मिस्त्रींच्या मुलीला गाठलं. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिला मी सगळं सांगितलं: गड, एम.बी., रविवार, पंधरा दिवस, बुधवार. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

“बाबांनी आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

“मी आता सांगतोय. प्रामाणिक ते होते, मी नव्हतो. खोटं बोलले ते माझ्यासाठी.”

 रागावेल, रडेल, असं मला वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर थेट बापाचं मिश्कील हसू आलं.

“काका, मग हे लिहून द्या. तुमच्या तोंडी बोलण्यानं आमच्या घराचं एकदा बरंच नुकसान झालंय.”

म्हणून हे लिहिलं आहे. याची एक प्रत त्या विहारात द्यायची आहे, एक माझ्या मुलांना.

या धंद्यात येणाऱ्यांसाठी धडा म्हणाल तर तो साधा आहे. जमिनीखालचं काम झाकण्याआधी चरात उतरावं. उतरला नसाल, तर जो उतरला होता त्याचं नाव लिहावं. त्या कोपऱ्यात आठ फूट उतरले ते काशिनाथ मिस्त्री.